कार्डाखालचा श्रीकार

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी भावाने नैरोबीहून कळवले, की नोकरी सोडून त्याला तिथेच कापडाचे दुकान उघडायचे आहे. त्यासाठी कंपनी नोंदवायची होती आणि कंपनीला दोन संचालक हवे होते. एक तो स्वतः आणि दुसरी, चिखलीत बसलेली आमची आई. पत्रासोबत तिथल्या बँकेचे एक कार्ड होते: पिकल्या लिंबाच्या सालीसारखे पिवळे, आणि त्यावर सहीच्या नमुन्यासाठी एकाखाली एक तीन चौकटी. कंपनीचे खाते उघडल्याशिवाय दुकानाची जागा भावाला मिळणार नव्हती, आणि त्या जागेवर दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा डोळा होता.

आईने सह्या केल्या, कार्ड गेले, आणि पावसाळा सरता सरता परत आले. सह्या जुळत नाहीत, असा बँकेचा शेरा होता. सोबत नवे कोरे कार्ड होते आणि भावाची चार ओळींची चिठ्ठी : ‘माय, या खेपेला श्री नको लिहू. जागावाला आता थांबत नाही.’

चूक कोणती, ते मला तेव्हा उमगले. आई चौथीपर्यंत शिकलेली. धुणेवालीचा हिशेब असो की माहेरचे पत्र, कागदाच्या माथ्यावर श्री काढल्याखेरीज तिचा हात पुढे सरकत नसे. कार्डाच्या माथ्यावर छापील मजकूर होता, म्हणून तिने पहिल्या चौकटीतच श्री लिहिला आणि त्याखाली आपले नाव. कागदाला श्री एकदाच लागतो. उरलेल्या दोन चौकटींत नुसते नाव.

सही इथल्या बँकेच्या एजंटांसमोर करायची होती. एजंट म्हणजे शाखेचे प्रमुख, वडिलांच्या बैठकीतले. मी कॉलेजच्या सुटीत घरी आले होते, म्हणून आईसोबत गेले. बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. हवेत रुईचे तंतू तरंगत होते आणि सरकीचा तो कोमट, तेलकट वास थेट बँकेच्या दारापर्यंत आला. आत मात्र वितळलेल्या लाखेचा वास होता, आणि जुन्या कागदांचा गारवा.

“वहिनी,” एजंट म्हणाले, “तिथल्या साहेबाले काय कळते? त्याले वाटलं, पहिल्या चौकटीत एक बाई अन् खालच्या दोन्हीत दुसरीच.”

“मंग त्याले कळवा ना भाऊजी, का वरतं देवाचं हाये, माह्यं नाही.”

“देव काय संचालक हाये कंपनीत?”

“नसन कसा? त्याच्याबिगर चालते का कोणाचं दुकान?”

एजंट हसले. मी हळूच सुचवले, “माय, मंग तिन्ही चौकटीत श्री टाक. सारख्याच दिसतीन.”

“एका कागदावर तीनदा? एका घराले तीन उंबरठे पाह्यले का तू कुठी?”

“मंग सोडूनच दे.”

ती बोटाने पदराचा काठ उलगडत, दुमडत राहिली. तिचे नाव एखाद्या सरकारी-दरबारी कागदावर पहिल्यांदाच लागत होते, आणि तेही समुद्रापलीकडे, लेकाच्या संसारासाठी. श्रीविना पाठवलेला कागद तिच्या लेखी अनवाणी निघालेल्या पोरासारखा होता.

मग तिने पाणी मागितले. शिपायाने माठातून फुलपात्र भरून दिले. तिने ते ओठाला लावले नाही. बोट बुडवले आणि एजंटांच्या काळ्याभोर सागवानी टेबलावर, सावकाश, वळणदार श्री काढला. खिडकीतल्या उन्हात तो क्षणभर झळझळला, नवीन पितळेसारखा. तो वाळेतो आम्ही तिघेही थांबलो. वेलांटीचे टोक आधी विरले, मग माथ्याची रेघ. आईने त्या जागेवर कार्ड ठेवले आणि टाक उचलला. निब कार्डावर किरकिरत चालली. तीन नावे, एकसारखी, जणू एकाच साच्यातून काढलेली.

कार्ड उचलले तेव्हा दिसले, की श्रीचा गाभा ओलाच राहिला होता. कार्डाच्या पाठीवर दमट, सुरकुतलेला डाग उमटला होता. एजंटांनी तो पाहिला, टीपकागद दाबला, कार्ड सुलटे केले आणि सह्यांखाली शिक्का मारला.

“पाठ कोण पाह्यते,” ते पुटपुटले. पण माझ्याकडे न बघता.

घरी तूर भरडली जात होती तेव्हा भावाचे पत्र आले. मी ते जात्याच्या घरघरीत मोठ्याने वाचले. खाते उघडले होते. जागा मिळाली होती. फळीवर कापडाचे पहिले ठाण त्याने आईच्या नावाने मांडले होते.

आईचा हात खुंट्यावर थांबला. जाते आणखी अर्धा फेरा आपल्याच ओढीने फिरले आणि स्थिरावले. डाळीच्या पिवळ्या भुकटीने तिच्या पापण्या माखल्या होत्या.

“त्याहीनं कार्ड उलटून पाह्यलं असन का गं?” तिने विचारले.

“नसन माय. पाह्यलं असतं तं पुन्हा वापस आलं असतं.”

“पाह्यलंच असन, म्हणून तं खातं उघडलं,” ती म्हणाली, आणि खुंटा धरला.