तांदळातले नाव

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नांदेडला सरकारी नोकरीत होते. निवृत्ती थोडी पुढे असतानाच ते गेले. त्यांच्या मागे बहिणीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे होते आणि ते मिळेपर्यंत तिचे घर माझ्या पेन्शनवर चालत होते. मला त्याचे ओझे नव्हते, तिला होते. भाजी निवडताना एकदा ती मान वर न करता म्हणाली, "दादा, माहेरचं दोन दिवस गोड लागतं. रोज खाल्लं की घशात अडकतं." तिचे स्वतःचे पैसे तिच्या स्वतःच्या नावाने सुरू व्हावेत, एवढ्यासाठी पुढची सगळी पायपीट झाली.

या लेखात मी कुणाचेही नाव देत नाही. नावांनी आम्हांला पुरेसे फिरवले आहे.

मेहुण्यांच्या कार्यालयातल्या लिपिकाने पहिल्याच दिवशी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले. माणूस सभ्य होता. "ताई, बाकी सगळं हाय. तेवढा लग्नाचा दाखला जोडा, की फाइल पुढं ढकलतो."

दाखला घरात असणारच, या खात्रीने आम्ही घरी आलो. लोखंडी पेटी उपसली, गाद्यांखाली पाहिले, देवघरामागची पिशवी रिकामी केली. विजेची जुनी बिले सापडली, मुलीच्या लसीकरणाचे कार्ड सापडले, बंद पडलेल्या टीव्हीची हमी सापडली. दाखला सापडला नाही. घर बदलताना तो कुठेतरी गेला असावा. आपण माणसे असेच करतो. ज्या कागदाचा उपयोग संपला आहे तो जपतो, आणि ज्याचा उपयोग अजून व्हायचा आहे तो एखाद्या पिशवीत घालून पिशवीच विसरतो.

कागद हरवला की आधी पोलीस ठाण्यात तो गहाळ झाल्याची नोंद करावी लागते. ठाण्यातल्या हवालदाराने विचारले, "कुठं हरवला?"

बहीण म्हणाली, "ते ठाऊक असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते, साहेब?"

हवालदार हसला नाही. त्याने 'राहत्या घरातून' असे लिहून घेतले. मग तहसीलच्या आवारात झाडाखाली टंकलेखकाकडे बसून आम्ही प्रतिज्ञापत्र केले: मूळ प्रमाणपत्र हरवले आहे, ते कुणाकडे गहाण ठेवलेले नाही, सापडल्यास परत करीन. एवढे सगळे जोडून आम्ही महानगरपालिकेत गेलो. तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारले, "लग्न कुठं झालतं?"

"लातूर जिल्ह्यात. मुरुडजवळ."

"आणि नोंद?"

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता.

"गुरुजी, जिथं नोंद, तिथंच नक्कल," बाई म्हणाल्या. "तुम्ही नांदेडला राहता म्हणून नांदेडला मिळत नसती. अन् अर्जात डुप्लिकेट लिहू नका. नक्कल लिहा."

मी जन्मभर भाषा शिकवली. इतरत्र नक्कल म्हणजे कुणाचे सोंग काढणे. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या कचेऱ्यांपासून नक्कल म्हणजे शिक्क्याची प्रत. मला तो शब्द ठाऊक होता. तरीही अर्जात मी इंग्रजी शब्द घातला होता, कारण कचेरीच्या दारात पाय टाकला की आपण आपल्या घरच्या शब्दांवरचा विश्वास दाराबाहेर चपलांशेजारी ठेवतो.

नोंद, पुढे आठवले त्याप्रमाणे, लग्नानंतर काही वर्षांनी सासरच्या ग्रामपंचायतीत झाली होती. मेहुण्यांना नोकरीत कुठेतरी लागली म्हणून त्यांनी ती करून घेतली होती. तेव्हा आम्ही लातूरची एस.टी. धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे खिडकीतून मागे पडत गेली. बहीण सबंध रस्ता कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. लातूरला गाडी बदलून मुरुडच्या बाजूला उतरलो, तेव्हा ग्रामसेवक दुसऱ्या गावी गेले होते. आता त्यांच्या पदाचे नाव बदलले आहे, असे तिथल्या पाटीवर दिसले. गाव मात्र त्यांना ग्रामसेवकच म्हणते. आम्ही बहिणीच्या सासूबाईंकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ते आले, नोंदवही काढली, नोंद निघाली आणि दुपारपर्यंत शिक्क्याची नक्कल हातात पडली. मला वाटले, संपले.

नांदेडच्या लिपिकाने ती नक्कल दोनदा वाचली. मग फाइलमधले मेहुण्यांचे सेवापुस्तक उघडले, पुन्हा नक्कल पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली.

"ताई, राग मानू नका. पण साहेबांनी सेवापुस्तकात पत्नीचं नाव वेगळंच लिहिलंय."

इथे मला थोडे समजावून सांगितले पाहिजे. आमच्याकडे नवरी सासरी आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितो. पुष्कळ घरांत ते नाव तांदळाबरोबरच डब्यात जाते आणि कुणी पुन्हा काढत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत ते चालले नाही. तिचे माहेरचे नाव आणि तिच्या सासूबाईंचे नाव एकच निघाले. सुनेला त्या नावाने हाक मारणे म्हणजे घरातल्या थोरल्या बाईला नावाने हाक मारणे, आणि सुनेने सासूचे नाव घेणे तर त्याहून अवघड. त्यामुळे तांदळातले नाव त्या घरात कायमचे झाले. मेहुण्यांनी नोकरीत लागताना पत्नी म्हणून तेच लिहिले. ते बायकोला ज्या नावाने ओळखत होते, तेच त्यांनी लिहिले. त्यात लबाडी नव्हती. इकडे बहिणीचे आधार, मतदान ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, हे सगळे शाळेच्या दाखल्यावरून तयार झालेले, म्हणजे माहेरच्या नावाचे. विवाह प्रमाणपत्रावरही वधूचे नाव माहेरचेच असते. जोपर्यंत मेहुणे होते, तोपर्यंत ही दोन नावे एका घरात सुखाने राहिली.

लिपिक आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या नकलेवरून तुम्ही त्यांची पत्नी हाय, हे सिद्ध झालं. पण मग सेवापुस्तकातली बाई कोण? असं होतंय ताई. एखाद्याचे दोन दोन संसार निघतात. आम्ही एकीला दिलं, अन् उद्या दुसरी दारात आली तर मी काय सांगू?"

"ती दुसरी मीच हाय," बहीण म्हणाली.

"मला पटतंय हो. फाइलला पटायला पाहिजे."

जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली. मला वाटले रडेल. ती म्हणाली, "बघ दादा. माझीच मी सवत." आणि मग हळूच, "ते असं काही करणारे नव्हते. मेलेल्या माणसावर असं लागायला नको होतं." पैसे मिळण्याइतकेच हेही तिच्या पोटात होते, हे मला तेव्हा कळले.

घरी येऊन मी माझ्या सवयीप्रमाणे वही घेऊन बसलो. प्रमाणपत्र हा शेवटचा कागद असतो. त्याच्याआधी नवरा-नवरी, साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्यांचा एक कागद ग्रामपंचायतीत दाखल होतो. त्याला विवाह ज्ञापन म्हणतात. लोक प्रमाणपत्राची नक्कल मागतात, ज्ञापनाची मागत नाहीत, कारण ते असते हेच त्यांना माहीत नसते. ज्ञापनात आणखी कोणत्या नावाने ओळखत असल्यास ते लिहायला जागा असते. तिथे तांदळातले नाव असेल, या आशेने आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला. या खेपेला चाकूरला मला झोप लागली आणि बहिणीने लातूरला हलवून उठवले.

ज्ञापन निघाले. त्या रकान्यात कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: निरंक. म्हणजे काही नाही.

ग्रामसेवक म्हणाले, "आता ह्यात भर घालता येत न्हाई, गुरुजी. नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "पण तुम्ही म्हणता ती बाई अन् ही बाई एकच, असा दाखला ग्रामपंचायत देऊ शकते. गावातले दोन-तीन लोक पंच म्हणून पाहिजेत. अन् घरातल्या मोठ्या माणसाचा जबाब. नाव कुणी बदललं, का बदललं."

घरातले मोठे माणूस म्हणजे सासूबाई. बहीण त्यांना आत्याबाई म्हणते. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. ग्रामसेवक समोर खुर्ची टाकून बसले, पंच म्हणून दोन शेजारी आले, आणि जबाब सुरू झाला.

"आजी, सुनेचं नाव का बदललं?"

"माझंच हुतं की तिचं."

"मग?"

"मग काय? हाक मारली की दोघीबी ओ देनार. अन् सुनंला रागवायचं कसं? तिला शिव्या घातल्या की त्या मलाच लागनार." शेजारी हसले. त्या हसल्या नाहीत. "म्या म्हनलं, बाबा, दुसरं काय बी लिही तांदळात. लेकानं लिहिलं. त्या दिसापासनं तेच."

"म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची?"

"आता सून एकच हाय मला. दुसरी कुठनं आनू?"

ग्रामसेवकांनी लिहून घेतले. मग ते बहिणीकडे वळले. "मावशी, तुमचं माहेरचं नाव सांगा. पूर्ण. तुमच्या तोंडून पाहिजे."

ती सासूबाईंच्या सुपातल्या शेंगांकडे पाहत राहिली. ग्रामसेवकांना वाटले ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मला आधी राग आला. एवढी शिकलेली, नांदेडमध्ये राहिलेली बाई, बँकेत हेच नाव लिहून सही करते. इथे काय अडले? मग ध्यानात आले, की या ओसरीवर तिने ते नाव कधीच उच्चारले नव्हते. स्वतःचे असूनही. सासूचे नाव सुनेने घ्यायचे नसते, आणि सासू समोर बसलेली होती. नांदेडला ती दहा खिडक्यांवर ते सांगत आली होती. इथे जीभ उचलत नव्हती.

मी म्हणालो, "मी सांगतो, लिहून घ्या."

"भावाचं चालत न्हाई, गुरुजी. तिचं तिनं सांगायचं."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवले. टरफले झटकली.

"सांग की," त्या म्हणाल्या. "तुजंबी हाय ते."

बहिणीने पदर सारखा केला आणि सांगितले. एकदाच, सपाट आवाजात, आडनावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसे. सासूबाई तिच्याकडे न पाहता ऐकत होत्या. ग्रामसेवकांनी जबाब मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ते नाव एकदा सुनेचे म्हणून आले आणि एकदा सासूचे म्हणून. मग सासूबाईंनी अंगठा दिला आणि बोटाची शाई लुगड्याला पुसली. "चहा टाक," त्या सुनेला म्हणाल्या, आणि हाक मारताना तांदळातलेच नाव घेतले. बहीण उठून आत गेली.

नांदेडच्या लिपिकाने दाखला, जबाब, ज्ञापन, नक्कल असे सगळे एकाखाली एक लावले, दोऱ्याने बांधले आणि पहिल्यांदा मनापासून म्हणाला, "आता कुणी बोलू शकत न्हाई, ताई." तरीही फाइल पुढच्या टेबलांवर रेंगाळली. एकदा सही राहिली, एकदा सुट्ट्या आल्या, एकदा साहेबांची बदली झाली. आम्ही जात राहिलो. मी त्या दिवसांत कुणावर चिडलो नाही; चिडायलाही थोडी शक्ती लागते.

अखेर आदेश आला. त्यात बहिणीची दोन्ही नावे होती, मध्ये 'ऊर्फ'. तिने तो कागद माझ्या हातात दिला नाही. स्वतः खुर्चीवर बसून, एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला. मेहुण्यांच्या नावापुढचे 'मयत' वाचताना बोट तिथेच थांबले. नंतर तिने मुरुडला फोन लावला. सासूबाईंना ऐकू कमी येते, म्हणून त्यांचा आवाज फोनमधून मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"कोनच्या नावानं आली?"

"दोन्ही नावांनी, आत्याबाई."

"म्हंजी माझंबी लागलं त्यात."

"हाव. लागलं."

"मग चष्मा कर मला एक. ह्यातनं कायबी दिसंना झालंय."

"करते की. इकडं या आठ दिवस."

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बँकेत जायचे होते. मी सवयीने सदरा चढवला, कागदांच्या प्रती एका पाकिटात घातल्या आणि चपला शोधू लागलो. बहिणीने ते पाकीट माझ्या हातातून काढून घेतले.

"तू कुठं निघालास?"

"काही विचारलं तर?"

"विचारू दे. सांगते की मी." ती पायऱ्या उतरून गेली. मी सदरा न काढताच आडवा झालो आणि ती परत येईपर्यंत झोपून राहिलो.