छपरावरचा भरवसा

आमच्याकडे जुना टायर कुणी फेकून देत नाही, आणि जुना किस्साही! वारंगा फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे आणि त्याला लागूनच गंगाधरकाकांचं टायरचं दुकान. दोन्हींचा ढीग तिथंच वाढत असतो.

*

टायर कंपन्यांची कुळकथा काकांना तोंडपाठ. कोण सायकलच्या टायरपासून सुरू झालं, कोण विमानाच्या चाकापर्यंत पोचलं, सगळं! मागे एका कंपनीनं दुसरी विकत घेतली आणि टायरवरचं नाव बदललं. एक जुनं गिऱ्हाईक अडून बसलं, "काका, ह्यो आपला टायर न्हाई. नाव काहून बदललं?"

"पोरगी नांदायला गेली की नाव बदलतंच की! म्हणून काय ती आपली न्हाई?"

गिऱ्हाईकानं जोडी नेली!

*

रेडियल टायर नवे आले होते तेव्हाची गोष्ट. हवा पुरेशी असली तरी हा टायर खालच्या बाजूला जरा फुगलेलाच दिसतो. एक जीपवाला रोज हवा भरायला यायचा.

"काका, ह्याचं पोट सुटून राहिलं!"

"हवा बराबर हाय. खात्यापित्या घरचा हाय तो, पोट दिसणारच!"

*

काकांची हौस एकच होती: एका मोठ्या कंपनीची एजन्सी आणि दुकानावर तिचा बोर्ड. सगळ्यांचे टायर विकले, पण 'ही आपली कंपनी' म्हणायला कुणी नाही, ही गोष्ट त्यांना फार लागायची. शेवटी एकदाचे पुण्याहून साहेब आले. लॅपटॉप उघडून कंपनीचा इतिहास दाखवू लागले. एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात झाली, आज देशोदेशी कारखाने!

काकांनी मान वर करून आपल्या दुकानाचे पत्रे पाहिले. "म्हंजी साहेब, आपली सुरुवात बराबर हाय!"

साहेब हसले, पण अट घातली. "लोकांचा आमच्या टायरवर भरवसा आहे का, ते गावात जाऊन बघणार. मगच एजन्सी."

*

काका आणि मी साहेबांना घेऊन जवळच्या डोंगरकडा गावाला गेलो. रस्त्याकडेच्या गोठ्यावर, वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून, टायर ठेवलेला. नाव बघून साहेब खूश! "आमचाच आहे! अगदी जुनं मॉडेल!"

गोठ्याचे मालक किसनआबा बाहेर आले. काकांनी त्यांना हळूच बजावलं, "आबा, चांगलं बोला, माझी एजन्सी अडकलीय."

साहेबांनी विचारलं, "आजोबा, किती पळाला हा टायर?"

"पळाला?" आबा छाती काढून म्हणाले, "साहेब, लई भरवशाचा टायर! माझ्या बापानं वर ठेवला, तवापासून जागचा हलला न्हाई!"

काकांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र इतके हसले, इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"काका, एजन्सी तुम्हाला दिली! पण बोर्ड मोठा असतो हं. तुमच्या फाट्यावरच्या वाऱ्यात टिकेल ना?"

काका काही बोलायच्या आत आबांनी छपरावरच्या टायरकडे एकवार पाहिलं आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "सूनबाई, शिडी आणा!"