दार नसलेली दुपार

तिला सगळे उंबरठेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण घर सजवून देणाऱ्या इतर मंडळींसारखी ती दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघरात हात घालत नसे. दारातून आत आल्यावरची पहिली चार पावलं, तेवढंच तिचं राज्य. फर्निचरच्या दुकानात विक्रेती म्हणून उमेदीची वर्षं काढल्यावर तिच्या लक्षात आलं होतं, की लोक सोफ्यासाठी जीव टाकतात आणि दाराशी मात्र चपलांचा ढीग, फुटकी छत्री आणि अंधार ठेवतात. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हा तिने दुकान सोडलं आणि हेच काम धरलं. टेकायला बाकडं, डोळ्यांवर न येणारा दिवा, चपलांना कपाट, एक आरसा. जोडीला नेहमीचा सुतार. तो कमी बोलायचा आणि बोललाच तर कुरकुरायचा, पण हात सोन्याचा होता.

साहेबांचं काम कुणाच्या तरी ओळखीतून आलं. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, मऊ आवाजाचा माणूस. तिसऱ्या मजल्यावर घर, घरात ते आणि बायको. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि म्हणाले, "ताई, माणूस आत आला की त्याला वाटलं पाहिजे, इथून जाऊच नये."

वाक्य तिला आवडलं. तिने ते मनात टिपूनही ठेवलं आणि निघताना पत्ता-नंबर असलेलं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं.

चपलांचं कपाट करायच्या आधी ती घरातली सगळी पादत्राणं जमिनीवर मांडायला सांगे, म्हणजे खणांचा अंदाज येई. साहेबांनी बूट मांडले, सपाता मांडल्या, चालायला जायचे वेगळे बूट मांडले. सगळं आरशासारखं पुसलेलं.

"आणि वहिनींच्या?" तिने विचारलं.

"ती कुठे जाते?" साहेब हसून म्हणाले. "तिला बाहेरचं सोसत नाही. विसरभोळी झाली आहे अलीकडे. एकदा गॅस तसाच ठेवून निघाली होती."

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. अनवाणी पावलं एकमेकांवर ठेवून त्या फरशीकडे बघत राहिल्या.

मग एकेक मागणी येऊ लागली. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक रास्त होती. दार आपोआप मिटणारं हवं. कुलूप असं हवं, की आतून उघडायलाही किल्ली लागावी. गॅसचं सांगितलंच होतं. आणि आरसा असा लावायचा, की दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून साहेबांना दार दिसावं. मध्ये भिंत येत होती, ती आरशाने पार करायची.

"पाहुणा आला की उठायच्या आधीच ओळखता येईल," साहेब म्हणाले.

जिना उतरताना सुतार म्हणाला, "ताई, या घरात पाहुणा आलेला दिसत नाही."

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली खरी, पण तिच्याही मनात पाल चुकचुकली होती.

पुढच्या खेपेला ती मापं घ्यायला एकटीच गेली, जागा ठरवायला नेहमीचा छोटा आरसा घेऊन. साहेबांना फोन आला आणि ते गॅलरीत गेले. वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही आरसा खिडकीच्या चौकटीला लावून धरला होतात. आज खाली धरलाय."

उंबरठेबाई चमकली. गोष्ट खरी होती, आणि ती स्वतः विसरली होती.

"दार रंगवायला काढावं लागतं का हो?" वहिनींनी विचारलं.

"तसं नाही. जागेवरही रंगवता येतं."

"काढलंत तर बरं होईल." वहिनींनी गॅलरीकडे एक नजर टाकली. "काढलं की किती वेळ बाहेर राहील?"

बाईला विचारण्यासारखं पुष्कळ होतं, पण गॅलरीतला मऊ आवाज फोन संपवत आला होता. ती एवढंच म्हणाली, "दिवसभर तरी."

वहिनी कपाखालची बशी नीट करून आत गेल्या.

दार कारखान्यात न्यावं लागेल, इथे धूळ बसून पॉलिशचा सत्यानाश होईल, असं तिने साहेबांना सांगितलं. याआधी आयुष्यात तिने गिऱ्हाइकाला कामाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. साहेबांनी दाराच्या बिजागऱ्या हाताने चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "चालेल. मी घरीच असेन."

ठरल्या दिवशी सुताराच्या माणसांनी दार उचलून नेलं. घराला एकदम भगदाड पडल्यासारखं झालं. जिन्यातले आवाज, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, खालच्या फाटकाची करकर, सगळं आत येऊ लागलं. साहेबांनी खुर्ची आणली, मोकळ्या चौकटीत आडवी ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. उंबरठेबाई आत-बाहेर करायची तेव्हा ते पाय बाजूला घेत आणि पुन्हा होते तसे ठेवत. पान मात्र उलटत नव्हतं.

जेवणं झाली, दुपार कलली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. शेवटी उंबरठेबाई म्हणाली, "साहेब, आरसा आज ठोकून टाकू. पण जागा तुम्हीच सांगायला हवी, तुमच्या नेहमीच्या खुर्चीतून."

"दार आल्यावर बघू."

"प्लास्टर ओलं आहे तोवर खुंट्या बसवाव्या लागतात," कोपऱ्यातून सुतार म्हणाला. त्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं. तो खालमानेने खिळे निवडत होता.

साहेब उठले. चौकटीकडे एकदा, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

दोघांनी आरसा उचलला. चांगला जड होता.

"डावीकडे," भिंतीपलीकडून आवाज आला. "अजून. आता मला छतच दिसतंय."

"हो, जरा तोल जातोय," बाई म्हणाली आणि आरसा आणखी वर कलवला.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात कापडी पिशवी, पदर खोचलेला. आडवी खुर्ची त्यांनी उचलून बाजूला ठेवली. ओढली असती तर आवाज झाला असता. चौकटीबाहेर बाईच्या चपला होत्या. वहिनी थबकल्या, पायाने त्या सरळ केल्या आणि घातल्या. वळून पाहिलं नाही. जिन्यात पावलं वाजली ती इतकी सावकाश, की कुणी भाजी आणायला निघालं आहे असं वाटावं.

"खाली घ्या," साहेब म्हणाले. "हां. आता दिसतंय दार."

आरशात रिकामी चौकट होती आणि बाजूला सरकलेली खुर्ची.

साहेब आले. स्वयंपाकघरात गेले, न्हाणीघराचं दार ढकललं, परत आले. आवाज चढला नाही. सुतार हत्यारं आवरत होता, बाईने पर्स घेतली होती. साहेबांची नजर तिच्या पायांवर जाऊन थांबली.

"तुमच्या चपला, ताई?"

ती तशीच जिना उतरली. तापलेल्या रस्त्यावरून ती अनवाणी बसथांब्यापर्यंत गेली आणि सुतार शेजारून चालत राहिला.

काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "पोचले," एवढंच वहिनी म्हणाल्या. कुठे, ते बाईने विचारलं नाही. न विचारलेलं कुणाला सांगता येत नाही, असा हिशेब तिने केला.

त्याच आठवड्यात तिची बेल वाजली. दारात साहेब, हातात खोका. ती 'या' म्हणायच्या आधीच ते तिच्या दाराशी असलेल्या बाकड्यावर बसले, दिव्याकडे पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. "छान केलंय. परक्यालाही आत यावंसं वाटतं." खोका त्यांनी शेजारी ठेवला. "माझ्या घरातून तुमच्या चपला गेल्या. माप बरोबर असेल. मी मापं विसरत नाही." आणि गेले. माप बरोबरच होतं.

पोलीस चौकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चपला आणून दिल्या, हा गुन्हा म्हणून कसा लिहू?" उंबरठेबाईने घराबाहेरचा दिवा दिवसाही चालू ठेवायला सुरुवात केली. बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघे.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा सुतार आला आणि चहा घेत बसला. म्हणाला, "साहेबांचं बोलावणं आलं होतं. ते कुलूप बसवून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. पण दुसरा कुणीतरी देईलच की बसवून."

"आता कशाला हवंय त्यांना?"

"बहीण येतेय राहायला. नवरा वारलाय तिचा, मूलबाळ नाही. रविवारी येणार म्हणे."

रविवारी सकाळपासून ती त्या इमारतीच्या फाटकाशी उभी राहिली. उन्हं वर आल्यावर एक रिक्षा थांबली आणि एक गोरटेली, दमलेली बाई दोन बॅगा सांभाळत उतरली. चेहऱ्याची ठेवण भावाचीच होती. उंबरठेबाई पुढे झाली. घरून जुळवून आणलेलं सगळं बोलणं जागच्या जागी विरून गेलं.

"तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली. "पण दाराची एक किल्ली स्वतःकडे मागून घ्या. आजच. आणि हा माझा नंबर."

बहिणीने चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ओशाळवाणं हसली. "अहो, सख्खा भाऊ आहे माझा. त्याने तर दार माझ्यासाठी नवीन करून घेतलंय."

वरच्या गॅलरीतून मऊ आवाजात हाक आली. बहिणीने मान वर करून हात हलवला, चिठ्ठी पिशवीत टाकली आणि बॅगा उचलून जिना चढू लागली. उंबरठेबाई खालीच उभी राहिली. जरा वेळाने वर एक दार उघडलं, बोलण्याचा आवाज आला, हसण्याचाही आला, आणि मग दार आपलं आपण मिटलं.