गाडीचं नाक

माझे भावोजी हयातभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे अवयव करत आले. स्वतः गाडी चालवायला मात्र कधी शिकले नाहीत. कारखान्यांनी केव्हाच बनवायच्या सोडून दिलेल्या जुन्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. कुणाचं मडगार्ड गेलेलं असायचं, कुणाचं दार, तर कुणाला मागचा भाग जरा फुगवून हवा असायचा. भावोजी मूळ भागावर लांबी, म्हणजे पुट्टी, चढवून हवा तो आकार घडवायचे, त्याचा साचा घ्यायचे आणि साच्यातून फायबरचा नवा भाग काढायचे. आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे साचेवाले म्हणत. खाली त्यांची शेड, वर दोन खोल्यांचं घर, आणि रस्त्याच्या पलीकडे माझं रंगकाम. त्यांनी घडवायचं, मी रंगवायचं आणि कौतुक मालकानं खायचं, असं आमचं चाललेलं.

बोलायला ते कंजूष. भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या शिवणीत कायम पांढरी पूड. ती फायबरमधल्या काचेची असते, पिठासारखी दिसते आणि पिठासारखी झटकता येत नाही. घासलेला भाग पारखायची त्यांची एक पद्धत होती. त्यावर पाणी ओतायचे आणि ओल्या अंगात ट्यूबलाइटची रेघ कशी वळते ते वाकून बघत राहायचे. रेघ कुठे थरथरली की पुन्हा घासायला बसायचे. मला सरळ दिसणाऱ्या रेघेत त्यांना काहीतरी वाकडं दिसायचंच. माणसांकडे मात्र त्यांनी असं वाकून कधी पाहिलं नाही. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, हसत म्हणायची, "माझ्या अंगावर पाणी ओता एकदा, मग तरी बघाल."

साच्याला मेण लावायचं काम ताईचं. साचा आणि मूळ भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये मेणाचा थर लागतो, तोही एका हातात भागत नाही, बरेच हात मारावे लागतात. हे काम तिचं, असं कुणी ठरवलं नव्हतं. लग्नानंतर एकदा ती चहा द्यायला खाली उतरली, भावोजींचे हात फायबरच्या चिकट रेझिननं भरलेले होते, त्यांनी हनुवटीनंच मेणाचा डबा दाखवला. तेव्हापासून ते तिचं झालं. ती एक हात लावायची, फडक्यानं चकचकीत पुसायची आणि वर निघून जायची. बऱ्याच वेळानं पुन्हा खाली यायची, दुसरा हात लावायची, पुन्हा वर.

भावोजी वैतागायचे. "एका जागी बसून उरकत का नाही तुझं?"

"दूध ठेवलंय गॅसवर. तुमचं मेण कुठे पळून जात नाही."

"तासभर दूध तापतं?"

"तुम्हाला काय माहीत? तापवलंय कधी?"

इतक्या वर्षांत एकही साचा चिकटला नाही. का चिकटत नाही, हेही कुणी विचारलं नाही. जे बिघडत नाही त्याची चौकशी कोण करतो?

मग ताईला खोकला लागला. आधी ऋतूवर ढकलला, मग वयावर. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, घरात कोण काय काम करतं. ऐकून घेतल्यावर म्हणाले, ही धूळ आणि हा वास बाईंच्या नाकात आता जाता कामा नये. शेडमध्ये उतरू नका, आणि खरं म्हणजे हे घरच सोडा.

भाची दुसऱ्या शहरात, उंचावर, मोकळ्या हवेत राहते. तिनं दोघांसाठी खोली रिकामी करून ठेवली. ताईनं सांगितलं, "मी एकटी जाणार नाही. तुम्ही शेड बंद करा, मग दोघं निघू." भावोजी म्हणाले, "हातातलं नाक होऊ दे. ते झालं की कुलूप."

नाक म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचं. दोन माणसांची, जमिनीला चिकटून धावणारी जुनी स्पोर्ट्‌स गाडी. बॉनेट आणि दोन्ही मडगार्डं मिळून पुढचा सगळा भाग एकसंध, पुढून बिजागरीवर उचलला जाणारा. डॉक्टरांनी ती तरुणपणी घेतली होती, मग संसारात ती कापडाखाली झाकून राहिली. आता दवाखाना मुलाकडे दिल्यावर त्यांनी कापड काढलं, आणि पहिल्याच दिवशी फाटकाच्या खांबावर नाक फोडून घेतलं. तसं दुसरं नाक त्यांनी सगळीकडे शोधलं, कुठे मिळालं नाही. चाकंही आता त्यांना रुंद हवी होती. म्हणजे फुटलेलं नाक सांधायचं, दोन्ही मडगार्डं दोन-दोन बोटं बाहेर फुगवायची आणि त्यावरून साचा घ्यायचा.

"आपला धंदा एकच आहे हो," डॉक्टर म्हणाले. "मीही साचेच घेतो. फरक इतकाच की तुमचं गिऱ्हाईक ओरडत नाही."

"मालक ओरडतात," भावोजी म्हणाले.

डॉक्टर हसले. मग नाकावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सांभाळा. हे एवढंच आहे."

भावोजींनी इतका जीव ओतून काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटचं म्हणून असेल. मडगार्डाचा फुगवटा असा साधला की तो नंतर चढवलाय हे डोळ्यांना कळेना. मी प्रायमर मारला. त्यांनी पाणी ओतलं आणि ट्यूबलाइटची रेघ नाकाच्या टोकापासून चाकापर्यंत एका दमात गेली, कुठे अडखळली नाही. त्यांनी पुन्हा पाणी ओतून पुन्हा बघितलं. वरून ताईचा खोकला ऐकू येत होता. जिना त्यांनी जाड पडद्यानं बंद करून टाकला होता. धूळ अडत होती की नाही कोण जाणे, आवाज अडत नव्हता.

मेणाच्या दिवशी मी माझी स्प्रेगन परत न्यायला गेलो, तर भावोजी डब्याला झाकण लावत होते. चेहरा खुललेला.

"सकाळी बसलो, जेवायच्या आत सगळे हात मारून मोकळा," ते म्हणाले. "तुझी बहीण याला दोन दिवस घ्यायची."

"मधे वाळू दिलंत ना?"

"मेण आहे ते. रंग नाही तुझा."

"ताईला एकदा विचारायचं का?"

"तिला कशाला त्रास? डॉक्टरांनी उतरू नका म्हटलंय." मग जरा थांबून हसले. "आणि विचारायचं काय? मेण कसं लावतात? इतकी वर्षं याच शेडमध्ये आहे मी."

नाक झगझगीत दिसत होतं. त्यांनी साच्याचा पहिला थर चढवला, त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरली, रेझिननं भिजवली, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. वाळायला ठेवलं. वर ताई बॅगा भरायला लागली. तिनं मला दोन झाडांच्या कुंड्या दिल्या आणि बजावलं, "पाणी घालशील रोज. तुझ्या भावोजींसारखं विसरू नकोस."

साचा सोडवायच्या दिवशी मीही हाताशी होतो. भावोजींनी कडेनं पाचरा बसवल्या आणि रबरी हातोड्यानं हलके हलके ठोकत गेले. साचा सुटताना एक आवाज होतो, कुणी खोल श्वास सोडावा तसा. आम्ही दोघं त्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. फटीत पाणी सोडलं. हवा सोडली. भावोजींनी जाड पाचर घेतली आणि जरा जोरात ठोकली. करकरत काहीतरी फाटलं. साच्याची कड उचलली गेली. तिला आतून माझा प्रायमर चिकटून आला, प्रायमरमागे लांबी, लांबीमागे डॉक्टरांच्या नाकाची मूळ कातडी, खालचे काचेचे धागे उघडे पाडत.

भावोजींनी हातोडा जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

ठोकणं थांबलेलं ऐकून ताई खाली आली, तोंडावर रुमाल धरून. "उतरू नकोस," ते म्हणाले, पण तोवर ती जवळ येऊन उभी होती. तिनं फटीत बोट घातलं, बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"किती वेळानं लावलेत हात?"

"लागोपाठ."

"एक पुसला की लगेच दुसरा?"

"हो."

"मग वरच्या हातानं खालचं मेण विरघळतं, अहो. फडकं फिरवलंत की तेच निघून येतं. तुम्ही लावत नव्हता, पुसत होता." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे न बघता उभे राहिलो. "एक हात बसायला वेळ लागतो. तेवढ्यात मी दूध तापवायचे, कपडे वाळत घालायचे, पोरीची वेणी घालायचे. मग दुसरा हात."

"कधी बोलली नाहीस."

"बोलायचे की. दूध ठेवलंय म्हणायचे. तुम्ही चिडायचात." ती रुमालाआडून बोलत होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. "आणि मेणाला कसला वास? डॉक्टरांनी धूळ नको म्हटलं होतं. शेड एकदा धुऊन घेतली असतीत आणि जिन्यातून नुसती हाक मारली असतीत, तर आले असते."

"तुला त्रास नको म्हणून..."

"हं," ताई म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्यानंतर साच्याचे पट्टे कापून काढावे लागले. काही ठिकाणी साचा निघाला, बहुतेक ठिकाणी नाकच निघालं. शेवटी शेडच्या फरशीवर जे तुकडे उरले ते पाहून मूळ आकार कुणाला ओळखता आला नसता.

डॉक्टरांना भावोजींनी स्वतः बोलावून घेतलं. डॉक्टर उकिडवे बसले, एक तुकडा उचलून त्याची आतली बाजू पाहिली. त्यांना सांगायची गरज पडली नाही.

"उपटून आलं," ते म्हणाले.

"चूक माझी आहे. मी करून देतो."

"कशावरून करणार? नमुनाच गेला."

"या तुकड्यांवरून. प्लायच्या फासळ्या कापून सांगाडा उभा करीन. त्यावर मापं जुळवीन."

"किती दिवस लागतील?"

भावोजी फरशीवरचे दोन तुकडे जुळवून बघू लागले. डॉक्टरांनी तुकडा जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. "साचेवाले, राहू द्या. माझीही नजर आता कुठे धड आहे? खांब दिसला नाही मला त्या दिवशी. झाकून ठेवतो गाडी पुन्हा. सवय आहे तिला."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. भावोजी म्हणाले, "नाही. मी देणार."

भाची आली ती टॅक्सी ठरवूनच. वर बराच वेळ आवाज चालला होता. मी बॅगा उतरवायला गेलो तेव्हा ती बापासमोर उभी होती.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होतात आईला."

"नाक झाल्यावर म्हटलं होतं. झालं कुठे?"

"गाडीला मिळेल हो दुसरं नाक. आईला दुसरी छाती मिळणार नाही."

"नाही मिळत दुसरं," भावोजी म्हणाले. "म्हणून तर थांबतोय."

पोरगी माझ्याकडे वळली. "मामा, तू तरी सांग यांना." मी बॅग उचलली.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. एकटी जाणार नाही, असं ती आता म्हणाली नाही. स्वयंपाकघरात कोणता डबा कुठे आहे ते तिनं भावोजींना दाखवलं, एकेक झाकण उघडून. ते मान हलवत होते. "मागून या," ती म्हणाली.

"येतो. झालं की येतो."

"दूध उतू जाऊ देऊ नका."

"नाही."

निघायची वेळ दुपारची होती. भावोजी सकाळपासून खाली घासत होते. टॅक्सीचा हॉर्न वाजला तेव्हा ते शेडच्या दारात आले, डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे, मास्क गळ्यात लोंबता. एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. अंगावरची पूड भुरभुरत होती, वारा टॅक्सीच्या दिशेचा होता. ते उलटे सरकले, भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले. ताई टॅक्सीच्या दाराशी थांबली. त्यांच्याकडे जायला ती वळली, तर त्यांनी तळवा वर केला, नको म्हणून. मग तोच हात निरोपाचा असल्यासारखा थोडा हलवला. भाचीनं आईला आत बसवलं आणि काच वर केली. काचेतून ताई काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही.

टॅक्सी वळणापलीकडे गेल्यावर मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेलो. मला राग आला होता.

"भावोजी, आंघोळ करून तरी यायचं. माहीत होतं ना कधी निघणार ते? जरा जवळ गेला असतात."

ते वळणाकडे बघत होते. "आंघोळीला गेलो असतो तर ती थांबली असती."

"मग थांबली असती. काय बिघडलं असतं?"

"जवळ गेलो असतो, तर गेली नसती ती," ते म्हणाले. मास्क तोंडावर ओढून ते आत गेले आणि थोड्या वेळानं घासण्याचा आवाज सुरू झाला.