काकींनी चकाकी उतरवली

"तोंड दिसाय पायजे."

बॉल हातात आला की काकी आधी हे म्हणायच्या. मग तो डोळ्यांसमोर धरून त्यात आपलं तोंड दिसतंय का ते बघायच्या आणि नाही दिसलं, तर पदराने पुन्हा घासायला लागायच्या. मागे माणसं खोळंबलेली असायची. काकींना त्याचं काय!

बारामती एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं बोलिंग सेंटर आहे. लांबलचक गुळगुळीत पट्टी, तिच्या टोकाला दहा पिना, आणि इकडून जड बॉल सोडून त्या पाडायच्या. सकाळी यंत्राने पट्ट्यांवर तेल मारणं हे माझं काम. लोकांना वाटतं, मी फरशी पुसतो. पुसतो कसला! पट्टीच्या अलीकडच्या भागावर तेल लावतो आणि पिनांजवळचा भाग कोरडा ठेवतो. सगळा खेळ त्या तेलात आहे, पण सांगायचं कुणाला?

काकी भवानीनगरच्या. साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात गेली, पितळी पातेली चिंच नि राख लावून घासण्यात. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या नातीच्या वाढदिवसाला. साडी खोचून, भाड्याचे बूट हुंगून म्हणाल्या, "कुणाच्या पायातलं हायती ह्ये?" आणि पहिल्याच बॉलला सहा पिना पाडल्या. मग काय, दर रविवारी एसटीने हजर. हौस बघून जावयाने त्यांना स्वतःचा निळा बॉल घेऊन दिला. काकी तो घरी नेऊन खोबरेल तेलाने चोळायच्या. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

"काकी, खाली तेल, वर तेल. बॉल घसरणार नाही तर काय करणार?"

त्यांचा हात मुळात फिरकीचा होता. पण गुळगुळीत बॉल तेलावरून नुसताच सरळ सटकायचा आणि कडेच्या दोन-चार पिना पाडून जायचा. बॉल जरा खरबरीत असला की पुढच्या कोरड्या भागात पकड धरतो, वळतो आणि पिनांच्या घोळक्यात घुसतो. झिजलेल्या टायरची मोटरसायकल आणि नव्या टायरची, एवढाच फरक. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

"म्हंजी घासल्यालं भांडं मळवू म्हन्तोस?"

"भांडं नाही काकी, बॉल."

"येकच की."

त्यांचे व्याही बारामतीचेच, तेही रविवारी यायचे. आडदांड गडी. फिरकी-बिरकी काही नाही, सरळ दणका. काकी त्यांना कधीच हरवू शकल्या नव्हत्या. त्या वर्षी व्याह्यांनी सईला, म्हणजे त्या नातीला, दिवाळीच्या सुट्टीत स्केटिंगचा क्लास लावायचं काढलं. एरवी ती सुट्टीला आजोळी जायची. काकींनी विषय काढला तसे व्याही हसत म्हणाले, "विहीणबाई, येत्या रविवारी हरवा मला आणि न्या नातीला."

ते थट्टेत बोलले असतील, काकींनी ते पदराच्या गाठीला बांधलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सई आली न्हाय तर फराळ कुणासाठी करू रं? ह्यांच्या मागं घर खायला उठतंय."

त्या रविवारी काकी लवकर आल्या आणि आमच्या कॅफेच्या मोरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"हिरवी घासनी दे."

बॉल साबणाने धुऊन त्यावरचं तेल काढलं, आणि मग घासणी फिरवायला लागल्या. चकाकी उतरत गेली तशी त्यांची मान खाली गेली. "ह्या हातानं कधी काय मळवलं न्हाय," एवढंच म्हणाल्या. निळा बॉल राखेसारखा दिसायला लागला, तेव्हा थांबल्या.

"बॉल आजारी हाय का?" व्याह्यांनी विचारलं.

"पाव्हणं, तुमी खेळा."

पहिला बॉल नको इतका वळला आणि डावीकडच्या दोनच पिना पडल्या. व्याही खूश. मी म्हणालो, "काकी, पाय जरा डावीकडं सरकवून उभ्या राहा." त्या सरकल्या. पुढचा बॉल तेलावरून शहाण्यासारखा गेला, कोरड्यात वळला आणि मधोमध शिरला. दर वेळी बॉलला लागलेलं तेल फडक्याने पुसायचं असतं. काकी पुसायच्या, हात सवयीने चोळायला जायचा, आणि त्या स्वतःच मागे घ्यायच्या. मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

शेवटच्या फेकीला सगळ्या पिना पडल्या तरच सई येणार होती. काकींनी बॉल सोडला. तो पार कडेकडेने निघाला. "गेला," व्याही म्हणाले. पण पिनांच्या थोडं अलीकडे तो वळला. दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या, आणि मी तेलाचं फडकं हवेत फेकलं.

काकी शांतपणे बूट सोडायला बसल्या. "पाव्हणं, सईची पिशवी भरून ठिवा."

त्यानंतर काकी आमच्याकडे आल्या नाहीत. व्याही मात्र दर रविवारी बूट घालून बाकावर बसतात आणि विचारतात, "विहीणबाई आल्या का?"

दिवाळीत मी भवानीनगरला फराळाला गेलो. सई पाटावर बसून चकली मोडत होती. मी विचारलं, "काकी, पुन्हा कधी येताय? व्याही वाट बघतात."

"जिकल्याला डाव परत मांडाया मी काय खुळी हाय व्हय?"

फळीवर पितळी भांडी ओळीने मांडलेली होती आणि मधोमध चुंबळीवर तो बॉल. बोलता बोलता काकी पदराने एकेक भांडं पुसत होत्या. बॉलपाशी आल्या, हात मागे घेतला आणि पुढचं पातेलं पुसायला लागल्या.