पत्र्याच्या डब्यातले घोडे

ती झडती मला आजही आठवते. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण निवृत्तीनंतर कोणी एखादी केस सांगा म्हटले की मी हीच सांगत आलो. सांगताना माझी पत्नी मध्येच थांबवून दुरुस्त्या करायची. तिला जाऊन या महिन्यात वर्ष झाले. म्हणून या वेळी सावकाश लिहून काढतो आहे. चूक राहिली तर ती माझी.

मी तेव्हा औंढा नागनाथला ठाण्याचा प्रभारी होतो. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. ठाण्याचे काम ठरावीक होते. सोमवारी देवळाकडचा बंदोबस्त, गाड्या लावण्यावरून दुकानदारांचे वाद, शेताच्या बांधावरच्या मारामाऱ्या, अधूनमधून मटक्यावर धाड. घोड्यांच्या शर्यतीशी आमचा संबंध येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

खबर आणली सिद्धेश्वर धरणावर मासे धरणाऱ्या एका माणसाने. ठाण्यात येऊन तो बाकाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "साहेब, माझा मेहुणा घोड्यावर पैसे लावून राहिला. बायकोचे गंठण गेले त्यात."

माझा हवालदार डोंगरकड्याचा. त्याने वर पाहिले. "आपल्या जिल्ह्यात घोडं दिसतं ते नवरदेवाखाली. तुझ्या मेहुण्याला कुठं भेटलं?"

"घोडं पुण्याला पळतंय, जमादार. चिठ्ठी औंढ्यात पडते. बसस्टँडच्या रस्त्यावरल्या लॉन्ड्रीत."

शर्यतीच्या मैदानावर, परवानगी असलेल्या ठिकाणी पैसे लावणे वेगळे. बाहेर गावोगावी कोणी तसे पैसे घेत असेल तर तो जुगारच आणि तो गुन्हा आहे. मी वरिष्ठांकडून झडतीचे वॉरंट घेतले आणि रविवारी दुपारी एकच्या सुमारास दोन पंच घेऊन दुकानात शिरलो. शिरताना थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण माझे स्वतःचे युनिफॉर्म तिथेच इस्त्रीला होते.

दुकान म्हणजे बसस्थानकाच्या रस्त्यावरचा भाड्याचा एक गाळा. टेबल, कोळशाची इस्त्री, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तसबिरीखाली खिळ्याला टांगलेला तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा. दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको मागे कपड्यांवर पाणी शिंपडत होती. डबा टेबलावर पालथा केला तेव्हा बटणे पडली, काही नाणी, एक किल्ली, कानातले एक, एसटीची तिकिटे आणि घड्या घातलेल्या चौदा चिठ्ठ्या.

"हे काय आहे?" मी विचारले.

"गिऱ्हाइकाच्या कपड्यांतून पडतंय, कोणाचं कळत न्हाई ते. ज्याचं त्यानं न्यावं."

"चिठ्ठ्या कोणाच्या?"

"मी खोलून पाहत न्हाई, साहेब. दुसऱ्याचं काहून पाहावं?"

चिठ्ठ्या सगळ्या एकाच घाटाच्या होत्या. एकीवर लिहिले होते: २-७, ३-४, ५-१, ६-९. खाली ११. त्याखाली १०. कोपऱ्यात छोटी खूण, कोणाची चांदणी, कोणाचे पान. आम्ही पंचनामा केला, मुद्देमाल सीलबंद केला, आणि दुकानदाराला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हजर राहण्याचे सूचनापत्र दिले.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. त्यांचे म्हणणे सरळ होते. माल ज्याच्या दुकानात सापडला, गुन्हा त्याच्यावर. उद्या दुपारपर्यंत गुन्हा दाखल करून कळवा. कागदावर ते बरोबरही होते. पण त्या गाळ्याच्या करारात एक अट होती. भाडेकरूवर गुन्हा दाखल झाला की गाळा खाली. चौदा चिठ्ठ्यांपायी त्या नवरा-बायकोचे एकवीस वर्षांचे दुकान जाणार होते. तो खरेच दोषी असता तर माझी हरकत नव्हती. पण तो दोषी आहे असे मला वाटत नव्हते, आणि 'वाटत नाही' हा शब्द स्टेशन डायरीत लिहिता येत नाही.

घरी पत्नी तूर निवडत बसली होती. मी एका चिठ्ठीवरचे आकडे माझ्या वहीत उतरवून आणले होते. ते तिला दाखवले आणि माझा तर्क सांगितला. पहिला आकडा शर्यतीचा, दुसरा त्या शर्यतीतल्या घोड्याचा. म्हणजे चार शर्यती, चार घोडे. दहा म्हणजे दहा रुपये असावेत. अकराचा मात्र अर्थ लागत नव्हता. हवालदाराच्या मते ती चिठ्ठी नेण्याची वेळ होती.

तिने वही पाहिली आणि म्हणाली, "चार गोष्टी आणि अकरा. हे मला ओळखीचे वाटते."

"मलाही एक सुचले आहे," मी म्हणालो. "चार घोडे एकेकटे, त्यांच्या सहा जोड्या, आणि चारही मिळून एक. चार, सहा, एक. अकरा."

ती हसली. "बेरीज बरोबर, हिशेब चूक. तीन-तीनचे गट कुठे गेले?"

ती उठली आणि ताटलीत चार दाणे ठेवले. एक तुरीचा, एक मुगाचा, एक हरभरा, एक शेंगदाणा. मग बोटाने जोड्या लावून दाखवल्या. तूर-मूग, तूर-हरभरा, तूर-शेंगदाणा, मूग-हरभरा, मूग-शेंगदाणा, हरभरा-शेंगदाणा. सहा. मग दर वेळी एक दाणा बाजूला काढून तिघांचा गट केला. चार. शेवटी चारही एकत्र. एक.

"सहा, चार, एक. हेही अकराच. एकेकट्याला यात जागा नाही. असती तर पंधरा झाले असते. तुझ्या माणसाने अकराच लिहिले आहेत."

"मग हे दहा रुपये?"

"दर गटावर दहा. म्हणजे लावणारा दहा म्हणतो, पण देतो एकशे दहा. ह्या एका चिठ्ठीत अकरा वेगळे डाव आहेत."

एवढे झाल्यावर बाकीचे तिनेच उलगडले. जोडीत पहिला घोडा जिंकला की त्याची सगळी रक्कम दुसऱ्यावर लागते. पहिला दामदुप्पट देणारा असेल तर दहाचे वीस. दुसरा तिप्पट देणारा असेल तर विसाचे साठ. "ही बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणून माणसाला भुरळ पडते," ती म्हणाली. "पण गुणाकारात एक शून्य आले की सगळे शून्य. जोडीतला एक हरला की ती जोडी गेली. चारातला एकच घोडा जिंकला तर ह्या चिठ्ठीत काहीच मिळत नाही. दोन जिंकले तर एक जोडी. तीन जिंकले तर तीन जोड्या आणि एक तिकडी, मिळून चार डाव. हरणाऱ्याला मात्र दर वेळी वाटत राहते, थोडक्यात हुकले."

मी म्हणालो, हे समजणारा माणूस मला औंढ्यात कुठे सापडेल? त्यावर ती जे बोलली ते मी नंतर अनेक ठिकाणी वापरले. "वर्गात कोणाला येते, असे विचारू नये. सगळे गप्प बसतात. फळ्यावर चूक लिहावी आणि पाठ फिरवून उभे राहावे. ज्याला येते त्याला ती चूक सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत दुकानदाराची बायको ठाण्यात आली. शटर बंद ठेवले होते, पण घेतलेले काम पुरे करून ती घरोघर पोचवत होती. माझा युनिफॉर्म तिने टेबलावर ठेवला. गयावया नाही, रडणे नाही. शर्टाच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. पत्नीने लिहून दिलेली आणि मी विसरलेली यादी: जिरे, साबण, खडू. कपड्याबरोबर चिठ्ठी परत आली होती, न उघडता, ज्या खिशातली त्याच खिशात.

मी तिला बसायला सांगितले. "बाई, त्या डब्यात हात कोण घालतं?"

"समदेच घालतात. कोणाचं बटण, कोणाचं काय."

"रोज कोण?"

तिने थोडा विचार केला. "ते अर्जनवीस काका. लोकं गठुडं आणतात, ते एकच शर्ट आणतात. आज एक देतेत, उद्या एक नेतेत. म्हणतात, बटण पडलंय, पाहू दे."

हवालदार दारात उभा होता. "एका माणसाची किती बटणं पडावीत, साहेब?"

अर्जनवीस म्हणजे तहसीलबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. साठीचा, पांढरा कडक शर्ट, कानात अत्तराचा फाया. ठाण्यात त्यांचे येणे-जाणे होते. आमच्या जबाबातल्या तारखांची चूकही ते बसल्या जागी दाखवायचे. अचूकपणाचा त्यांना मोठा अभिमान होता.

मी त्यांना बोलावले. ते आले, खुर्चीवर ऐसपैस बसले.

"काका, ह्या चिठ्ठ्यांबद्दल काही माहिती?"

"मी कागदाचा माणूस, साहेब. घोडं तर मी टांग्याचं पाहिलेलं."

"घोड्याचं मी कुठं बोललो?"

"गावभर बोलबाला हाय," ते शांतपणे म्हणाले. ते खरेही होते. मी विषय सोडला आणि हवालदाराला जवळ बोलावले. त्याला आधी सांगून ठेवले होते. एका कोऱ्या कागदावर चार आकडे मांडून मी त्याला शिकवल्यासारखे समजावू लागलो. अर्जनवीस काकांकडे पाहिलेच नाही.

"हे बघ. चार घोडे एकेकटे, म्हणजे चार डाव. जोड्या सहा. चौघांचा मिळून एक. झाले अकरा. आजच्या पेपरात निकाल आहे. ह्या चिठ्ठीतले तीन घोडे आले. म्हणजे तीन एकेकटे आणि तीन जोड्या. सहा डाव लागले."

"सहा," हवालदार म्हणाला आणि लिहू लागला. लिहिताना त्याने जीभ ओठांवर आणली होती. नाटक त्याला जमायचे.

खुर्ची कुरकुरली. मी पुढे म्हणालो, "आणि समजा एकच घोडा आला, तरी त्या एकेकट्याचे पैसे मिळतात."

"न्हाई मिळत," अर्जनवीस म्हणाले.

मी मान वळवली नाही. "अकराची बेरीज जुळते, काका."

"बेरीज जुळली म्हणून काय झालं? समदं गलत लिहून राहिले तुमी. एकेकट्याला ह्यात जागाच न्हाई. सहा जोड्या, चार तिकड्या, एक चौकडी. तीन आले तर चारच डाव लागतात, सहा कुठले? असं सहा-सहा वाटत बसलो असतो तर माझं..."

ते थांबले. बाहेर कोणी तरी मोटारसायकलला किक मारत होते. हवालदाराने पेन खाली ठेवले.

"पाणी द्या काकांना," मी म्हणालो.

पाणी पिऊन त्यांनी कानातला फाया काढला आणि बोटांत चुरगाळत राहिले. "तुमाला हे बराबर म्हाईत होतं," ते म्हणाले.

"कालपासून. बायकोनं शिकवलं."

"मग गलत काहून सांगितलं?"

"तुम्ही दुरुस्त कराल म्हणून."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. पण त्यानंतर ते लपवत बसले नाहीत. पंचांना घेऊन आम्ही त्यांच्या छत्रीखालच्या लाकडी पेटीपाशी गेलो. कोऱ्या अर्जांच्या तळाशी मागच्या रविवारच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्याच खुणांच्या. फोनवर बोललेले मागे सापडते, म्हणून त्यांनी कागद निवडला होता. आणि कागद ठेवायला अशी जागा, जिचा मालक काही उघडून पाहत नाही. लावणारे लोक शर्ट घेऊन येत, सापडलेली वस्तू टाकल्यासारखी डब्यात चिठ्ठी टाकत. पैशांची देवघेव छत्रीखाली, अर्जाची फी म्हणून होई. मासेवाल्याच्या मेहुण्यासह चौघांनी जबाब दिले. गुन्हा दाखल झाला तो अर्जनवीसांवर. पुढे कोर्टात त्यांनी कबूल केले आणि दंड भरला.

वरिष्ठांना कळवले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं थांबलात." एवढेच. पोलीस खात्यात ही मोठी शाबासकी समजावी.

दुकानदाराला मी साक्षीदार केले. जबाबावर सही करून झाल्यावर त्याने विचारले, "डबा कधी भेटल?"

"तो मुद्देमाल आहे. निकालानंतर."

"मग दुसरा लावतो," तो म्हणाला आणि शटर उघडायला गेला.

हवालदाराला ते पटले नाही. "एवढं होऊनही पुन्हा डबाच?" मलाही तेव्हा तो माणूस अडाणी वाटला. आता वाटत नाही.

या केसने मला काय शिकवले, ते पत्नी माझ्यापेक्षा चांगले सांगायची. माणूस केलेले लपवू शकतो, येत असलेले लपवू शकत नाही. त्यानंतर मी चौकशीत आवाज चढवणे जवळजवळ सोडले. त्याऐवजी चूक मांडून वाट पाहायची. पण एवढेच असते तर ती नुसती युक्ती झाली असती. त्याच डब्याभोवती दोन माणसे होती. एकाला सगळे गणित येत होते. दुसरा कधी कोणाची घडी उघडत नव्हता. पहिल्याला पकडायला अक्कल लागली. दुसऱ्याला ओळखायला खिशातली एक यादी पुरली, आणि ती न पाहता मी गुन्हा दाखल केला असता, तर कागदोपत्री मला कोणी नाव ठेवले नसते.

निवृत्तीनंतर आम्ही औंढ्यालाच घर केले. ते दुकान तिथेच आहे, डबाही आहे. वर्षश्राद्धाच्या आधी मी पत्नीच्या सुती साड्या इस्त्रीला दिल्या. तिच्या बहिणींना द्यायच्या होत्या. परवा दुकानदार स्वतः घेऊन आला. एक साडी त्याने वेगळी ठेवली होती.

"ह्याच्या पदराला गाठ हाय," तो म्हणाला. "आतमधी काही हाय. मी सोडली न्हाई."

साडी कडक इस्त्रीची होती, घडीला घडी जुळलेली. फक्त पदराचे टोक, गाठीभोवतीचे वीतभर, तसेच चुरगळलेले ठेवले होते. इस्त्री गाठीभोवतून वळवून नेल्याची रेघ स्पष्ट दिसत होती.

तो गेल्यावर मी खिडकीपाशी बसून गाठ सोडली. आत खडूचा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. ती साडी मी कोणाला दिलेली नाही.