कपाटांची दारं

माझी आत्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल होती. शाळेतली मुलं तिला 'हळूबाई' म्हणायची, कारण तिथे ती दिवसभर तेवढंच बोलायची: हळू बोला, हळू चाला, पान हळू उलटा. घरी मात्र तिचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत जायचा. शाळेतून आली की पर्स खुर्चीवर टाकायची आणि माझ्या बाबांना म्हणायची, "दादा, आज काय झालं ते ऐक. आणि मला समजावू नकोस."

तिच्या वैतागाचं कारण वर्षानुवर्षं एकच होतं. शाळेच्या वाचनालयात पुस्तकं होती आणि ती कुणाच्या हाताला लागत नव्हती.

खोली चांगली होती. दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड. तेच नडलं. मुलांचे दात तपासायला डॉक्टर आले की बसवा वाचनालयात. पाहुण्यांचा चहा वाचनालयात. परीक्षा आली की वाचायची टेबलं खाली हॉलमध्ये जायची आणि परत येताना त्यातली काही वाटेतच गायब व्हायची. शेवटी आत्याचं स्वतःचं एक टेबल तेवढं उरलं. मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसायची, आणि तिथे बसायला बंदी होती.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे काचेच्या दारांची कपाटं. शब्दकोश, नकाशांची जाडजूड पुस्तकं, प्राणी-पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचे खंड, जे जे चांगलं ते सगळं त्यात कुलूपबंद. किल्ल्या मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. माणूस वाईट नव्हता. उलट त्यांना पुस्तकांची इतकी माया की दुसऱ्या कुणी ती हाताळलेली त्यांना बघवत नसत.

"सर, मुलांना नकाशे बघायचे असतात," आत्या म्हणाली.

"बघू देत की. काचेतून दिसतात."

"काचेतून पुठ्ठा दिसतो, सर."

"मग तुम्ही नियम करून आणा. नियम असले की किल्ली द्यायला माझी ना नाही."

आत्याने नियम केले. हात धुऊन या, पुस्तक टेबलावरच उघडा, झालं की जागेवर ठेवा. ते समितीपुढे गेले. समिती म्हणजे मुख्याध्यापक आणि ज्यांना तासावर जायचा कंटाळा होता असे दोन शिक्षक. कागद परत आला तो पाठपोट भरून. वर्गशिक्षकांची चिठ्ठी हवी. पालकांची सही हवी. कपाट फक्त गुरुवारी उघडेल. मधल्या सुट्टीत उघडणार नाही, कारण तेव्हा मुलांच्या हाताला डब्याचं तेल असतं. तासाच्या वेळी कुणी वर्ग सोडून येणार नाही.

"सर, सुट्टीत उघडायचं नाही, तासाला यायचं नाही. मग मुलांनी यायचं कधी?"

"ते तुम्ही बघा," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्ही त्यातल्या तज्ज्ञ."

त्या वर्षी सगळे सोपस्कार पुरे करून एकच मुलगी आली. देवमाशाचं हृदय केवढं असतं ते तिला बघायचं होतं. शाळा सुटल्यावर थांबली होती. चिठ्ठी होती, आईची सही होती, गुरुवार होता. हात तर इतके धुतलेले की बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आत्या किल्ली आणायला खाली गेली. मुख्याध्यापक कसल्याशा बैठकीला गेलेले, आणि ड्रॉवरलाही कुलूप. हात हलवत वर आली तर पोरगी काचेला नाक लावून उभी.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "मी मामाच्या फोनवर बघते. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

त्या संध्याकाळी आत्या आली ती पर्स मांडीवर धरूनच बसली. बाबांनीच विचारलं, काय झालं म्हणून.

"एवढीशी पोर माझी समजूत काढत होती, दादा," ती म्हणाली. "माझी."

वर्षाच्या शेवटी शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापकांनी खेदाने सांगितलं की वाचनालयाचा उपयोग फारच कमी होतो, हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडीच राहिली नाही. आत्याने कपाळाला हात लावला. तिच्या शेजारच्या शिक्षकांना वाटलं, बाईंचं डोकं दुखतंय.

मग सुट्टी लागली. मोडकी बाकं दुरुस्त करायला सुतार येणार होता. मुख्याध्यापक प्रशिक्षणासाठी परगावी निघाले होते. जाताना आत्याला म्हणाले, "तुम्ही असालच. जे जे मोडकं दिसेल ते करून घ्या."

बाकांचं काम आटोपल्यावर आत्याने सुताराला वर नेलं आणि कपाटांकडे बोट दाखवलं. "ही दारं काढायची."

"मोडलीत का?"

"उघडत नाहीत."

सुताराने कुलूप हलवून पाहिलं. "बाई, ही बंद केलेली आहेत."

"मी इथे आल्यापासून एकदाही उघडली नाहीत. असल्या दाराला तुम्ही काय म्हणता?"

सुताराने थोडा विचार केला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. बिजागऱ्या बाहेरूनच होत्या. काचा काढून त्याने चौकटींवर प्लायवूड ठोकलं, निकामी बाकांचे पाय खाली जोडले, आणि आत्याला पुन्हा टेबलं मिळाली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मुख्याध्यापक वाचनालयात आले आणि उघड्या कपाटांकडे बघतच राहिले. तोल सावरायला त्यांनी जवळच्या टेबलावर हात ठेवला.

"दारं कुठे आहेत?"

"तुम्ही हात ठेवलाय ना, सर, तेच एक."

त्यांनी लेखी खुलासा मागवला. आत्याने दिला, 'आपल्या तोंडी सूचनेनुसार' अशी सुरुवात करून. मग त्यांनी नवीन दारांची मागणी ऑफिसात पाठवली, ऑफिसने ती समितीकडे, समितीने पुन्हा ऑफिसकडे, आणि तिथे घोडं पेंड खात बसलं. शाळेच्या संथ कारभारावर रोज तोंडसुख घेणारी आत्या याबाबतीत अवाक्षर बोलली नाही.

पण तिला सुख लागलं म्हणावं, तर तेही नाही. मुलं आता थव्याने येऊ लागली. नकाशांच्या पुस्तकातून कुणीतरी अख्खा महासागर फाडून नेला. शब्दकोशाचा कणा खिळखिळा झाला. आत्या घरी आली ती धुमसतच.

"घुबडाला मिशा काढल्यात, दादा. बॉलपेनने."

"म्हणजे तुझ्या सरांचं थोडं बरोबरच होतं म्हणायचं," बाबा बोलून गेले.

"होतंच," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त राग येतो."

पुढे ती निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी फाटक्या पुस्तकांची पिशवी आमच्या घरी यायची. आत्या जेवणाच्या टेबलावर पानं पसरायची आणि एकेकाला पट्टी चिकटवत त्या त्या वर्गाचा उद्धार करायची. टेबल अडलेलं, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. एकदा मी म्हटलं, "आत्या, एवढा त्रास होतो तर नव्या दारांसाठी तूच पाठपुरावा का करत नाहीस?"

तिने अशी नजर टाकली की मी मुकाट्याने उठून गोंदाचा ब्रश धुऊन आणला.